रग्बीत ऑफसाइडची रेष नेमकी असते कुठे?

प्रश्न असा आहे: "वीस वर्षं फुटबॉल बघतोय. 2025 च्या जूनमध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीगचे दोन सामने पाहिले आणि तेव्हापासून यूट्यूबवर जुने सामने शोधून बघतो. बाकी सगळं हळूहळू कळतंय, पण ऑफसाइड डोक्यावरून जातो. एकाने किक मारली तेव्हा त्याचाच साथीदार चांगला वीस पावलं पुढे उभा होता, रेफरी गप्प. पुढच्याच मिनिटाला दुसरा कोणी जेमतेम हातभर पुढे, तर थेट पेनल्टी. ही रेष नक्की असते कुठे?"

मी मुंबईत आधी खेळलो आणि गुडघ्याने साथ सोडल्यावर शिट्टी हातात घेतली. शाळा आणि क्लबांच्या सामन्यांत रेफरी म्हणून पंधराएक पावसाळे चिखल तुडवलाय. हा प्रश्न मला दर मोसमात कोणत्या ना कोणत्या पालकाकडून येतो आणि विचारणारा जवळजवळ नेहमी फुटबॉल बघणारा असतो. अडचणही तिथेच आहे. फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्यांच्या जागेवरून एक रेष ठरते आणि पास निघाला त्या क्षणी कोण तिच्या पुढे, एवढंच बघायचं असतं. रग्बीतही तशीच एक रेष असणार असं तुम्ही धरून चाललात. इथे मात्र बराच वेळ मैदानावर रेषच नसते. मग अचानक दोन उगवतात, आणि चार सेकंदांनी पुन्हा गायब होतात.

तेव्हा रेष थोडा वेळ बाजूला ठेवू आणि शब्दाकडे जाऊ. इंग्लंडमधल्या रग्बी स्कूलच्या मुलांनी 1845 साली आपल्या खेळाचे नियम पहिल्यांदा लिहून काढले, त्यातही ऑफसाइड आहे. तिथली भाषा 'तो आपल्या बाजूपासून तुटला' अशा अर्थाची आहे. आपल्याच माणसाने मागे चेंडूला हात लावला आणि तू त्याच्या पुढे आहेस, म्हणजे तू तुझ्या बाजूपासून तुटलास. कधीपर्यंत? तर समोरची बाजू चेंडूला हात लावेपर्यंत. मी लहान मुलांना सांगताना कळप सोडून पुढे गेलेल्या वासराचं उदाहरण देतो. वासराने काही गुन्हा केलेला नसतो, ते फक्त चुकीच्या जागी असतं. प्रश्न दोनच: ते आता काय करतंय, आणि कळपात परत कसं येणार?

मोकळ्या खेळातला, म्हणजे स्क्रम (दोन्ही बाजूंचे गडी एकमेकांत गुंतून रेटतात ती), रक (जमिनीवरच्या चेंडूवरची झटापट) वगैरे काही चालू नसतानाचा नियम आजही याच विचारावर उभा आहे. चेंडू ज्याच्या हातात आहे किंवा ज्याने शेवटचा खेळला, त्या साथीदाराच्या पुढे तुम्ही असाल तर तुम्ही ऑफसाइड. स्वतःच्या अर्ध्या मैदानात असाल तरीही. समोरचे पंधरा जण कुठे आहेत, याला काही अर्थ नाही. पण नुसतं पुढे असणं ही चूक धरत नाहीत. तसं धरलं तर दर मिनिटाला शिट्टी वाजवावी लागेल, कारण रकमधून उठलेला प्रत्येक फॉरवर्ड (स्क्रममध्ये रेटणारा गडी) क्षणभर चेंडूच्या पुढेच असतो. चूक तेव्हा होते जेव्हा तो ढवळाढवळ करतो: चेंडू खेळतो, चेंडूवाल्याला टॅकल करतो (धरून पाडतो), समोरच्याच्या वाटेत येतो किंवा चेंडूच्या दिशेने पुढे सरकतो.

एक गोष्ट इथेच मोकळी करतो. चुकून पुढे गेलेला पास ज्याने झेलला तो ऑफसाइड नसतो. तो नुसता फॉरवर्ड पास (रग्बीत हाताने चेंडू पुढे देता येत नाही), त्याला स्क्रम. मैदानाबाहेरून 'ऑफसाइड, ऑफसाइड' असा ओरडा होतो त्यातला बराचसा याच गोंधळातून येतो.

आता किक. तुमचा वीस पावलं पुढचा माणूस इथला आहे. किक मारणाऱ्याच्या पुढे असलेले सगळे साथीदार त्या क्षणी तुटलेले. परत जोडले जायचे रस्ते साधे आहेत. एकतर स्वतः मागे येऊन किकरच्या किंवा दुसऱ्या कोणा ऑनसाइड साथीदाराच्या मागे जायचं. नाहीतर किकर, किंवा किकच्या वेळी त्याच्या मागे असलेला कोणी, धावत तुमच्या पुढे निघून जाऊ द्यायचा. किकर किक मारल्या मारल्या जिवाच्या आकांताने पुढे का पळतो, याचं अर्धं उत्तर हे आहे: चेंडू मिळवायचा असतोच, पण वाटेतल्या साथीदारांना तो एकेक करून 'सोडवत' जातो. समोरच्याने चेंडूला मुद्दाम हात लावला आणि तो त्याला धरता आला नाही, किंवा त्याने चेंडू परत किक केला, तरीही तुम्ही सुटता.

यात एक कडक कलम आहे, त्याला खेळाडू 'टेन मीटर' म्हणतात. चेंडू जिथे पडेल किंवा झेलला जाईल, तिथून किक मारणाऱ्यांच्या बाजूला 10 मीटर मोजून मैदानभर एक आडवी रेष मनात ओढा. किकरच्या पुढे असलेला जो खेळाडू त्या रेषेच्याही पुढे सापडेल, त्याने ताबडतोब मागे निघायचं. थांबायचं नाही, बघत बसायचं नाही. झेलणाऱ्याच्या हातून चेंडू निसटला तरी याची सुटका नाही. अपवाद फक्त किक चार्ज डाउन झाली, म्हणजे समोरच्याने ती निघताक्षणीच अडवली, तर. कारण उघड आहे: मान वर करून आभाळातला चेंडू झेलणाऱ्याच्या छाताडावर कोणी आधीच उभं असेल, तर हाडं मोडतील.

मग तुमचा वीस पावलंवाला सुटला कसा? तुम्ही सांगितलंय त्यावरून माझा अंदाज असा की चेंडू त्याच्यापासून खूप लांब पडला आणि तो कुणाच्या मध्ये आला नाही. हात वर केले होते का त्याने? बरेच जण करतात, 'मी यात नाही' असं दाखवायला. रेफरीला त्या हातांचं फारसं काही नसतं. मी पाय बघतो, ते मागे चाललेत की नाही.

तुम्ही जुने सामने बघता, म्हणून पुढचं नीट वाचा, कारण सामना कोणत्या सालचा यावर उत्तर बदलतं. 2024 च्या जुलैपूर्वी आणखी दोन पळवाटा होत्या. समोरच्याने चेंडू झेलून 5 मीटर पळवला किंवा पास दिला, की चेंडूपासून 10 मीटरहून लांब नुसते उभे असलेले ऑफसाइड खेळाडू आपोआप ऑनसाइड व्हायचे. फ्रान्सच्या अंत्वान द्यूपॉंसारख्या चलाख खेळाडूंनी हे ओळखलं, आणि लोकांनी त्या पळवाटेलाच 'द्यूपॉं लॉ' नाव देऊन टाकलं. परिणाम काय? झेलणारा पळायलाच तयार होईना. पळाला तर समोरचा घोळका मोकळा सुटणार. त्यापेक्षा परत किक मार. 2024 च्या फेब्रुवारीत एडिंबराच्या मरेफील्डला स्कॉटलंड आणि फ्रान्सचा सामना झाला, तो मिळाला तर बघा. दोन टोकांचे दोघे एकमेकांकडे चेंडू टोलवतायत आणि मधले सगळे बसस्टॉपवर उभे असल्यासारखे. त्या वर्षीच्या 1 जुलैपासून दोन्ही पळवाटा बंद झाल्या, आणि ऑफसाइड असलेल्यांनी मागे जायचा प्रयत्न करायलाच हवा असं ठरलं. म्हणजे 2023 च्या विश्वचषकातला सामना बघून 'हा उभा राहिला तरी चाललं' असं वाटलं, तर तुमचं बरोबर आहे. आज चालणार नाही.

'समोरच्याने हात लावला तर सुटका' हे 1845 चं कलम किती जिवंत आहे, ते 2015 च्या विश्वचषकात स्कॉटलंडला कळलं. लंडनच्या ट्विकनहॅमवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, तारीख 18 ऑक्टोबर, पाऊस, शेवटची काही मिनिटं, स्कॉटलंड 34-32 ने पुढे. त्यांचा स्वतःचा लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये आत फेकतात तो) फसला. चेंडू त्यांच्याच एकाला लागून पुढे उडाला आणि पुढे असलेल्या जॉन वेल्शने तो पकडला. रेफरी क्रेग ज्युबर्टने ऑफसाइडची पेनल्टी दिली. ऑस्ट्रेलियाच्या बर्नार्ड फोलीने ती मारली आणि सामना 35-34 असा फिरला. पण मधल्या क्षणात ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सचा चेंडूला हात लागला होता. वर्ल्ड रग्बीने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की त्या स्पर्शाने वेल्श ऑनसाइड झाला होता, म्हणून निर्णय आधीच्या नॉक-ऑनचा (चेंडू हाताला लागून पुढे उडाल्याचा) स्क्रम असा हवा होता. मला इथे ज्युबर्टची बाजू घ्यावीशी वाटते. तो स्पर्श एका निमिषाचा होता, आणि अशा निर्णयासाठी व्हिडिओ रेफरीकडे जायची मुभा तेव्हा त्याला नव्हती. घरी सोफ्यावर बसून दहा वेळा स्लो मोशन बघणाऱ्या आपल्याला तो दिसतो.

दुसरा प्रसंग ऑफसाइड 'अपघाताने' होण्याचा. चेंडू किंवा चेंडूवाला साथीदार तुमच्यावर येऊन आदळला आणि टाळणं शक्य नव्हतं, तर पेनल्टी नाही. तुमच्या संघाचा त्यात फायदा झाला तरच खेळ थांबतो, आणि मग समोरच्यांना स्क्रम. पेनल्टीवर गोलात किक मारून तीन गुण मिळवता येतात, म्हणून हा फरक तीन गुणांचा आहे, आणि 2017 च्या जुलैत ऑकलंडला तो आख्ख्या मालिकेचा ठरला. न्यूझीलंड आणि ब्रिटिश-आयरिश लायन्स यांची तिसरी कसोटी, 15-15 बरोबरी, शेवटची दोन-तीन मिनिटं. किक-ऑफचा चेंडू लायन्सच्या लियम विल्यम्सला लागून पुढे गेला, पुढे केन ओवेन्स उभा. त्याने तो पकडला आणि चटका बसावा तसा सोडून दिला. रेफरी रोमँ प्वातने आधी पेनल्टी दिली, सहकाऱ्यांशी बोलून नंतर ती बदलली: अपघाती ऑफसाइड, स्क्रम. सामना बरोबरीत सुटला आणि मालिकाही. मला विचाराल तर चेंडू दोन्ही हातांत पकडला गेला होता, त्याला 'टाळता आलं नाही' म्हणणं जरा जड जातं. मी बहुधा पेनल्टीवरच ठाम राहिलो असतो. पण माझ्यावर कधी पन्नास हजार लोक ओरडलेले नाहीत. उलट दिशेची चूक मात्र मी केलेली आहे. एका शालेय सामन्यात चेंडू मुलाच्या पाठीवर आदळला आणि मी शिट्टी फुंकून पेनल्टी देऊन मोकळा झालो. त्या मुलाला चेंडू कुठून आला हेही कळलं नव्हतं. त्याचा चेहरा अजून आठवतो.

इथवर जे झालं त्यात रेष नव्हती, फक्त साथीदार, चेंडू आणि तुटलेला खेळाडू. आता रेषेकडे येऊ, तुमच्या हातभरवाल्यासाठी.

कबड्डी पाहिलीच असेल. मैदानाच्या दोन्ही कडांना लॉबी असते. चढाई करणारा नुसता दम घेऊन फिरतोय तोवर ती मैदानाचा भाग नसते, तिथे पाय पडला की बाद. झटापट झाली की तीच लॉबी खेळात येते. जमिनीवर काहीच बदललेलं नसतं, पट्टी आधीपासून आखलेली असते. ती 'जागी' होते खेळाडूंच्या स्पर्शाने. रकची रेष हुबेहूब अशी आहे, फक्त ती आखलेलीसुद्धा नसते.

कोणीतरी टॅकल होऊन पडला, चेंडू जमिनीवर आहे, दोन्ही बाजूंचा निदान एकेक जण पायांवर उभा राहून चेंडूच्या वर एकमेकांना भिडला, की रक झाला. त्या क्षणी दोन रेषा जाग्या होतात, प्रत्येक संघाची आपली एक. रकमध्ये आपल्या बाजूचा जो सगळ्यात मागे आहे, त्याच्या मागच्या टोकातून गोलरेषेला समांतर, या टचलाइनपासून त्या टचलाइनपर्यंत. खेळाडू अजूनही 'लास्ट फीट' म्हणतात. रकमध्ये नसलेल्या प्रत्येकाने या रेषेच्या मागे असलं पाहिजे, रकपासून चाळीस मीटर लांब उभ्या असलेल्या विंगरनेसुद्धा. आणि रकमध्ये यायचं तर तेही या रेषेच्या मागूनच. बाजूने घुसणारा म्हणूनच शिक्षा खातो.

रक झालाच नाही तर? हा खोडसाळ प्रश्न इटलीने 2017 च्या फेब्रुवारीत ट्विकनहॅमवर इंग्लंडला विचारला. त्यांचे खेळाडू टॅकल करत आणि बाजूला होत, रकमध्ये कोणी उतरतच नसे. रक नाही म्हणजे रेष नाही. मग त्यांचे लोक बिनधास्त इंग्लंडच्या बाजूला जाऊन नऊ नंबर (रकमधून चेंडू उचलून पास देणारा) आणि दहा नंबर (तो पास घेणारा) यांच्या मध्ये उभे राहू लागले. नियमाने सगळं चोख. मध्यंतराला इटली 10-5 ने पुढे. वैतागलेल्या इंग्लिश खेळाडूंनी रेफरीलाच विचारलं की आम्ही करायचं काय, तर त्याने सांगितलं, मी रेफरी आहे, तुमचा प्रशिक्षक नाही. रेफरी कोण? प्वातच! ऑकलंडच्या पाच महिने आधीचा. इंग्लंडने शेवटी 36-15 ने सामना काढला, पण ती फट बुजवायचं ठरलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून आधी प्रयोग म्हणून नियम बदलला. आज टॅकलनंतर एका कोणत्याही बाजूचा एक खेळाडू पायांवर उभा राहून जमिनीवरच्या चेंडूच्या वर आला, तरी दोन्ही रेषा जाग्या होतात. समोरच्याने भिडायची वाट बघावी लागत नाही. 2017 आधीचे सामने बघताना हेही ध्यानात असू द्या.

स्क्रम आणि लाइनआउटला रेषा जास्त मागे असतात, एवढं पुरे. स्क्रममध्ये नसलेल्या बॅक्सनी शेवटच्या पायापासून 5 मीटर मागे, लाइनआउटमध्ये नसलेल्यांनी 10 मीटर मागे. नऊ नंबरला आणि लाइनआउटमधल्यांना वेगळी कलमं आहेत, ती तुम्ही वर्षभर सामने पाहिल्यावर वाचा. आज वाचलीत तर वरचंही विसराल. मॉलची (उभ्या चेंडूवाल्याभोवतीच्या झटापटीची) रेष रकसारखीच, मागच्या पायातून.

हातभर पुढे असलेल्याला लगेच पेनल्टी का, आणि वीस पावलं पुढचा मोकळा का, हे आता जुळतंय का बघा. किकवेळचा माणूस तुटलेला होता, पण खेळात नव्हता. रकजवळचा माणूस रेषेच्या पुढे होता आणि पुढच्या क्षणी टॅकल तोच करणार होता. नऊ नंबरने चेंडू उचलून पास देईपर्यंत फार तर एक सेकंद जातो. त्यात बचावपटूने एक पाऊल चोरलं, तर समोरच्याचा सगळा श्वासच चोरला. आणि रक संपला म्हणून ऑफसाइड संपत नाही. पुढे अडकलेल्याने आधी मागे जायला हवं, मग खेळायचं.

शिट्टी प्रत्यक्षात कधी वाजते, हे मात्र बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. चेंडू डावीकडे चाललाय आणि उजव्या टोकाचा विंगर पाऊलभर पुढे आहे, तर मी वाजवत नाही. आधी आवाज देतो, "ब्लू, मागे!" ऐकून थांबला तर विषय संपला. तोच आवाज तिसऱ्यांदा द्यावा लागला तर पेनल्टी, आणि संघ ते मुद्दाम करतोय असं दिसलं तर पिवळं कार्ड: पंधराच्या खेळात 10 मिनिटं बाहेर, सात-सात जणांच्या सेव्हन्समध्ये 2. मोठ्या सामन्यात टचलाइनवर दोन सहाय्यक असतात, ते रेष बघतात. आमच्याकडे जुलैच्या चिखलात, दोन्ही जर्सींचा रंग एकच झालेला असताना, रेफरी एकटा. मला रकमधले हातही बघायचे आणि रेषही. मी रकच्या थोडा बाजूला, बचावाच्या रेषेत उभा राहतो आणि कधी कधी हात आडवा धरतो, म्हणजे मुलांना रेष 'दिसते'. तरी हातभर सुटतंच. जो रेफरी म्हणेल माझं सुटत नाही, त्याच्या सामन्याला जाऊ नका.

तुम्ही अंधेरीला पाहिलेला खेळ सेव्हन्सचा. मैदान पंधरा जणांएवढंच, खेळाडू सात. तिथे बचावात एकेक माणूस केवढी जागा सांभाळतो बघा, म्हणजे हातभर चोरी किती महाग पडते ते कळेल. सेव्हन्समध्ये मी स्वतः रकच्या रेषेला जास्त कडक असतो.

शेवटचं, टीव्हीबद्दल. कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे ऑफसाइड असलेला माणूस बहुतेक वेळा चौकटीबाहेर असतो आणि शिट्टी आभाळातून पडल्यासारखी वाटते. पुढच्या वेळी प्रत्यक्ष सामन्याला गेलात तर टचलाइनच्या बाजूला, जमेल तितकं उंच बसा. किक झाली की चेंडूकडे बघायचा मोह आवरा आणि किकरच्या पुढे कोण कोण आहे ते मोजा. आणि रक दिसला की दोन्ही बाजूंचा सगळ्यात मागचा बूट शोधा.